एक शॉट मस्त बसला की कोच कशाला लागतो

प्रश्न असा होता: महिन्यातून एक-दोनदा गोल्फ खेळतो, चार-पाच वर्षं झाली, स्कोअर १०० ते ११० मध्येच अडकलाय (राउंडला एकूण फटके, जितके कमी तितकं चांगलं), ग्रुपमधल्या एकानेही आजवर लेसन घेतलेला नाही, तर आमच्यासारखे हौशी लोक लेसन का घेत नाहीत आणि न घेऊन आमचं खरंच काही बिघडतंय का? मी बरीच वर्षं शिकवतोय आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच गटातले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाईत असाल तर एवढंच वाचा की लेसन न घेतल्याने आभाळ कोसळत नाही, पण लोक जी कारणं सांगतात ती सहसा खरी नसतात.

सांगायची कारणं ठरलेली, पैसे आणि वेळ. पैशाचं मला फारसं पटत नाही, कारण हाच माणूस दीड-दोन वर्षांनी ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) बदलतो, मधेच एखादा पटर (बॉल होलमध्ये ढकलायचा क्लब) घेतो, बॉलचे डबेच्या डबे झाडीत आणि पाण्यात घालवतो आणि त्याचा हिशोब कधी मांडत नाही. वेळेचं मात्र अर्धं खरं आहे. अठरा होलचा एक राउंड म्हणजे चार-साडेचार तास, जाणं-येणं धरलं की अर्धा दिवस गेला, आणि पंधरा दिवसांतून एकच सकाळ मोकळी मिळत असेल तर ती मित्रांबरोबर हिंडण्यात घालवावीशी वाटणारच, सरावाच्या मॅटवर उभं राहून स्वतःचे दोष कोण ऐकत बसणार. हे कारण मला मान्य आहे, त्यावर वाद नाही.

पण ज्यांच्याकडे पैसेही आहेत आणि वेळही आहे ते पण येत नाहीत, आणि खरी गंमत तिथे आहे. माझ्या मते कोचचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे राउंडमधला तो एक शॉट. १०५ मारणाऱ्याच्या राउंडमध्ये पण एखादा सात नंबरचा आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) असा बसतो की हाताला काही जाणवतच नाही, बॉल उंच जातो, ग्रीनवर, होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, पडतो आणि तिथेच थांबतो. टूरवरचा, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांतला, खेळाडू पण तसाच मारतो, फरक दिसतच नाही. बाकी खेळांत हे होत नाही बघा, हौशी टेनिसवाल्याला मोठ्या खेळाडूची सर्व्हिस एकदा रॅकेटला लावता आली तरी नशीब, पण गोल्फमध्ये बॉल शांत पडलेला असतो, अडवायला कोणी नसतं, आणि स्विंगमधल्या दोन चुका एकमेकींना बरोबर काटून गेल्या तर शॉट एकदम परफेक्ट निघतो. मग माणसाला वाटतं हाच माझा खरा स्विंग, बाकीचे सगळे अपघात. "स्विंग येतो हो मला, फक्त कन्सिस्टन्सी नाही", हे वाक्य लेसन टाळणाऱ्यांच्या तोंडी हमखास असतं. ज्याला आपल्याला येतंय असं वाटतं तो शिकायला कशाला येईल, तो सरावाला अजून दोन बास्केट भरून बॉल मारेल.

हॅंडिकॅपची, म्हणजे खेळाडूची कुवत आकड्यात मांडायची, पद्धत पण याला खतपाणी घालते. २०२० पासून जी वर्ल्ड हॅंडिकॅप सिस्टिम आली तिच्यात शेवटच्या २० राउंडपैकी सगळ्यात चांगले ८ धरून इंडेक्स काढतात, उरलेले १२ बाजूला. ते मुद्दाम तसं आहे, त्या आकड्याने तुमची कुवत दाखवायची असते, सरासरी नाही. पण लोक त्यालाच आपली रोजची पातळी धरून बसतात आणि मग मधल्या वाईट राउंडना वारा, झोप, पुढचा हळू चालणारा ग्रुप अशी कारणं शोधत बसतात.

आता कोणी म्हणेल की बरं, खेळत राहिलो तर हळूहळू आपोआप सुधारेल की. काही गोष्टी सुधारतात, पटिंगचा अंदाज सुधारतो, कुठे मारू नये ते कळतं. पण फुल स्विंगमध्ये गोची अशी आहे की मनाला जो उपाय सुचतो तो बहुतेक वेळा उलटा असतो. स्लाइस घ्या, उजव्या हाताने खेळणारा धरा. बॉल निघतो ठीक आणि मग वळत वळत उजवीकडच्या झाडीत. शहाण्या माणसाला काय सुचेल, डावीकडे एम कर, नेम तिकडे धर. तो डावीकडे उभा राहतो, पुढच्या वेळी आणखी थोडा डावीकडे, आणि मग क्लब पण बाहेरून आत, अंगाला आडवा ओढायला लागतो. इकडे बॉलचं गणित असं की क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरते, त्या क्षणी क्लबफेस, म्हणजे बॉलला लागणारी क्लबची बाजू, जिकडे बघत असतो जवळपास तिकडेच बॉल निघतो (सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपास), आणि पुढे तो किती वळणार हे फेस आणि क्लबचा पाथ (क्लब ज्या दिशेने फिरतो ती रेषा) यांच्यात किती फरक आहे त्यावर ठरतं. म्हणजे पाथ जितका डावीकडे न्याल तितका फेस त्याच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, राहणार आणि तितकाच स्लाइस मोठा होणार. मग अजून डावीकडे एम. हे चक्र मी लोकांना दहा-दहा वर्षं फिरवताना बघितलंय, आणि त्यातला प्रत्येक जण मेहनती होता, आळशी एकही नाही.

यात त्यांचा दोष पण नाही म्हणा, कारण आमच्या धंद्यातच कित्येक वर्षं हे उलटं शिकवलं जायचं की बॉल पाथच्या दिशेने निघतो आणि फेसकडे वळतो. ट्रॅकमॅन ही कंपनी २००३ मध्ये सुरू झाली, बॉल आणि क्लबची हालचाल मोजणारे असे रडारवाले लाँच मॉनिटर सरावाच्या रेंजवर आले आणि मग तो समज हळूहळू मागे पडला. ५ अंश किती छोटा कोन आहे, डोळ्याला दिसत पण नाही, पण २०० यार्डांवर त्याचे १७ यार्ड होतात, म्हणजे फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधून थेट रफमध्ये (वाढलेल्या गवतात). हे स्वतःचं स्वतःला हातात जाणवत नाही. नुसत्या सरावाने सुटण्यासारखी ही गोष्ट नाही असं मी म्हणतो ते यासाठी, सराव करून चूक पक्की होते.

मग मित्र असतात. मित्रांचा सल्ला फुकट असतो आणि लगेच मिळतो, लेसनला खरी टक्कर त्याचीच आहे. बॉल टॉप झाला, जमिनीवरून सरपटत गेला, की मागून आवाज येतोच, "डोकं वर उचललंस!" हा जगातला सगळ्यात लोकप्रिय आणि बहुतेक वेळा चुकीचा सल्ला. टॉप कशाने होतो तर वजन मागच्या पायावर राहतं, बॉलला हवेत उचलायची धडपड असते, त्यामुळे क्लब खाली यायचा तो बॉलच्या आधीच खाली येऊन वर जायला लागतो आणि बॉलच्या डोक्यावर टपली मारतो. डोकं वर जातं ते त्या धडपडीबरोबर, मूळ दुखणं ते नाही. आयर्नचा बॉल वर न्यायचा तर क्लब खाली उतरतानाच बॉलला लागला पाहिजे, टूरवर सात नंबरचा आयर्न साधारण ४ अंश खाली उतरताना बॉलला भेटतो, वर न्यायचं काम लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा मागे कललेला कोन, करतं. आता या माणसाने डोकं जबरदस्तीने खाली दाबून ठेवलं की छाती फिरायची थांबते, वजन आणखी मागे राहतं, आणि आधी नुसते टॉप होते त्यात फॅट शॉटची, म्हणजे क्लब बॉलच्या मागे जमिनीत आपटण्याची, भर. आनिका सोरेनस्टाम आणि डेव्हिड डुव्हल, दोघांचंही डोकं इम्पॅक्टच्या (क्लब बॉलला लागण्याच्या) वेळीच टार्गेटकडे वळायला लागलेलं असायचं, व्हिडिओ मिळतात, बघा. दोघांनीही टूरच्या स्पर्धेत ५९चा राउंड मारलाय, डुव्हलने १९९९ मध्ये, आनिकाने २००१ मध्ये.

(जाता जाता, स्पर्धेत हा फुकटचा सल्ला फुकट नसतो. नियम १०.२ प्रमाणे राउंड चालू असताना दुसऱ्या स्पर्धकाला सल्ला दिला तर देणाऱ्याला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन पेनल्टी स्ट्रोक, मागितला तर मागणाऱ्याला. पार्टनर आणि कॅडीचं (बॅग उचलणाऱ्याचं) वेगळं. रविवारच्या ग्रुपमध्ये हा नियम लावला तर निम्म्यांचे स्कोअर १२०च्या वर जातील.)

व्हिडिओंचं पण तेच आहे, फक्त तिथला सल्ला देणारा मित्रापेक्षा कितीतरी हुशार असतो. मी व्हिडिओंच्या विरोधात अजिबात नाही, चांगले लोक चांगलं शिकवतात, मी स्वतः बघतो. पण स्लाइसवाल्याला जे सांगायचं त्याच्या बरोबर उलट हुकवाल्याला, म्हणजे ज्याचा बॉल डावीकडे वळतो त्याला, सांगावं लागतं, आणि व्हिडिओला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. सल्ला खरा, माणूस चुकीचा, शेजाऱ्याचा चष्मा लावून वाचल्यासारखं. त्यात सोमवारी एक व्हिडिओ, गुरुवारी दुसरा, आणि रविवारी पहिल्या टीवर, पहिला बॉल मारायच्या जागी, उभं राहिलं की डोक्यात सात सूचना, खांदा असा, मनगट तसं, कंबर आधी. असा माणूस लेसनला आला की माझा पहिला अर्धा तास नवीन काही शिकवण्यात जात नाही, त्याच्या डोक्यातला पसारा बाहेर काढण्यात जातो.

नव्या ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. हेड ४६० सीसीपेक्षा मोठं चालत नाही आणि फेस किती उसळी देऊ शकतो यावर पण नियमाने मर्यादा आहे, या दोन्ही गोष्टी वीसएक वर्षं झाली तशाच आहेत. त्यामुळे दर सीझनला जाहिरातीत जी २० यार्डांची झेप दिसते ती सेंटरला न लागणाऱ्या बॉलच्या बाबतीत थोडीफार खरी असते, बाकी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण ड्रायव्हर विकत घेताना कोणी तुम्हाला तुमची चूक दाखवत नाही, उलट कौतुक होतं, आणि लेसन त्याच्यापुढे हरतो तो इथेच.

लाज हे कारण कोणी उघड बोलत नाही, पण ते आहे. "थोडा बरा खेळायला लागलो की येतो तुमच्याकडे" हे मला नेहमी ऐकायला मिळतं, जणू कोचकडे येण्याआधी तयारी करून यायची असते. मोठ्या हुद्द्यावरची माणसं जास्त अवघडतात असं माझं निरीक्षण आहे, दिवसभर ज्यांचं लोक ऐकतात त्यांना इथे पाच वर्षांच्या मुलासारखं ग्रिप कशी धरायची ते ऐकावं लागतं. खरं सांगायचं तर आमच्यासाठी सगळ्यात सोपा विद्यार्थी म्हणजे अगदी नवखा, कारण त्याच्याकडे विसरायला काही नसतं.

आणि मग ती भीती, की लेसन घेतला तर आहे ते पण बिघडेल. ही भीती खोटी नाही आणि जे कोच ती हसण्यावारी नेतात ते माझ्या मते प्रामाणिक नाहीत. मागे एक काका आले होते, जुना मुरलेला स्लाइस, डाव्या हाताचा अंगठा शाफ्टवर सरळ खाली, वरून बघितलं तर हाताचं जेमतेम एक नकल (बोटाच्या मुळाचा सांधा) दिसत होतं. डावा हात थोडा उजवीकडे फिरवून दोन-अडीच नकल दिसतील असं धरायला लावलं, बाकी कशालाच हात लावला नाही. पहिला बॉल सरळ डावीकडे, खाली-खाली, कुंपणाकडे. दुसरा तसाच. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांचं घर लिहून घेतलंय. पण हे व्हायलाच पाहिजे होतं, फेस आता बंद होतोय आणि पाथ अजून जुन्या सवयीने डावीकडेच, तर बॉल डावीकडेच जाणार. बॉल डावीकडे जाताना दिसायला लागला की अंग आपणहून डावीकडे ओढणं सोडतं, ते सांगावं लागत नाही, फक्त बास्केट संपेपर्यंत दम धरावा लागतो. शेवटच्या दहा-बारा बॉलमध्ये तीन-चार असे निघाले की उजवीकडे सुरू होऊन हलकेच आत आले, जे त्यांनी आयुष्यात मारले नव्हते. तरी काका काय म्हणाले, "पण हातात बरोबर वाटत नाहीये." बरोबर वाटणारच नाही, इतकी वर्षं जे चुकीचं केलं तेच हाताला बरोबर वाटतं. आठवडाभराने मित्रांबरोबर खेळताना पहिले दोन होल खराब गेले आणि ये रे माझ्या मागल्या, जुनी ग्रिप परत. त्यांना मी दोष देत नाही, त्या दिवशी चार लोकांसमोर त्यांना बॉल मारायचा होता, मला नाही.

मोठ्या लोकांनी पण हे भोगलंय. निक फाल्डो युरोपात आधीच जिंकत होता, तरी १९८५ मध्ये कोच डेव्हिड लेडबेटरकडे जाऊन त्याने स्विंग मोडून नव्याने बांधला, मधली दोन वर्षं लोक त्याला संपला म्हणत होते, आणि १९८७ मध्ये म्युअरफिल्डला शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत, खेळून त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. टायगर वुड्सने १९९७ची मास्टर्स १२ स्ट्रोकनी जिंकून पण कोच बुच हार्मनबरोबर स्विंग बदलायला घेतला आणि १९९८ला पीजीए टूरवर एकच स्पर्धा जिंकली. पण त्यांचा तो पूर्णवेळ धंदा होता. महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याला दोन वर्षांची मोडतोड सांगणारा कोच भेटला तर तुम्ही तिथून सरळ निघा.

हो, आमच्या बाजूने पण खूप चुकतं. बरेच जण एकदा लेसन घेऊन परत फिरकत नाहीत त्याचं कारण त्यांना एका तासात सहा गोष्टी सांगितल्या गेल्या, स्क्रीनवर त्यांच्या शेजारी टूरवाल्याचा स्विंग लावून रेघा मारल्या गेल्या, आणि घरी जाताना काय करायचं ते एका वाक्यात सांगता येत नव्हतं. पन्नाशीच्या, पाठ आखडलेल्या माणसाला पंचविशीतल्या खेळाडूचं वळण देणं हा वेडेपणा आहे. जिम फ्युरिकचा स्विंग कसा आहे ते बघा, क्लब वर जाऊन लूप मारून खाली येतो, त्याला आयुष्यभर त्याच्या वडिलांनीच शिकवलं, त्यांनी तो लूप सरळ करायला घेतला नाही, आणि त्याच स्विंगने त्याने २००३ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये ५८चा राउंड मारला.

कोणीतरी बब्बा वॉटसनचं नाव काढणार म्हणून आधीच लिहितो. हो, त्याने कधी रीतसर लेसन घेतला नाही असं तो स्वतः सांगतो आणि मास्टर्स दोनदा जिंकला, २०१२ आणि २०१४. ली ट्रेव्हिनो पण स्वतःचं स्वतः शिकलेला, सहा मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेला. पण ही लोकं लहानपणापासून रोज बॉल मारत वाढली, वळवून, उंच, खाली, सगळं करून बघत. तेवढे बॉल तुम्ही मारणार असाल तर मग मी पण म्हणेन लेसन नको. आणि दुसरीकडे जॅक निकलॉस, १८ मेजर जिंकलेला माणूस, दर सीझनच्या सुरुवातीला लहानपणीच्याच कोचकडे, जॅक ग्राउटकडे जाऊन ग्रिप आणि स्टान्सपासून सुरुवात करायचा.

तर तुमचं बिघडतंय का? तुम्ही चालायला, गप्पांना, मोकळ्या हवेसाठी जात असाल आणि ११० मारून पण हसत घरी येत असाल तर काही बिघडत नाही, लेसन घेऊ नका, मी मनापासून सांगतोय. राउंड संपल्यावर गाडीत बसून तोच तोच शॉट आठवून चिडचिड होत असेल, किंवा स्विंगनंतर कंबर, कोपर दुखत असेल, तर मात्र एकदा कोणाला तरी दाखवा, दुखण्याच्या बाबतीत तर लवकर दाखवा.

घ्यायचाच असेल तर पॅकेज घेऊ नका, आधी एकच घ्या. जाताना "माझा स्विंग बघा" असं म्हणू नका, तसं म्हटलं की कोच सगळंच बघतो, "माझा वाईट बॉल उजवीकडे जातो, तो कमी वाईट करा" असं म्हणा. तुम्हाला आठवड्यात सरावाला खरंच किती वेळ मिळतो ते खरं सांगा, शून्य असेल तर शून्य सांगा, त्याप्रमाणे सांगायची गोष्ट बदलते. शक्य असेल तर गवतावर शिका, कारण मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला तरी घसरत पुढे येतो आणि बॉल बऱ्यापैकी जातो, तीच चूक गवतावर केली की क्लब मातीत रुततो आणि बॉल दहा यार्ड. निघताना फोनवर दोन व्हिडिओ काढून घ्या, एक समोरून, एक टार्गेटच्या रेषेत मागून, कॅमेरा हाताच्या उंचीवर, म्हणजे महिन्याने तुलना करता येईल.

आणि शिकवताना तो तुम्हाला कोपर, मनगट, कंबर असंच सांगत राहिला तर विचारा की क्लबने काय करायचं ते सांगा. संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९९ मध्ये पिच शॉटवर (ग्रीनजवळून मारायचा छोटा, उंच शॉट) प्रयोग केला होता, ज्यांना हातांकडे लक्ष द्यायला सांगितलं त्यांच्यापेक्षा ज्यांना क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं ते चांगले शिकले. माझा पण अनुभव तोच, "मनगट असं वळव" म्हटलं की माणूस दगड होतो, "क्लबने बॉलच्या पुढचं गवत काप" म्हटलं की काम होतं.

१०० ते ११० वाल्यांना अजून एक, पहिला लेसन ड्रायव्हरचा घ्यायची इच्छा होणार, पण बॉल हरवून पेनल्टी बसत नसेल तर पहिला लेसन ग्रीनच्या आसपासच्या ३० यार्डांचा घ्या, तिथे जुन्या सवयी कमी घट्ट असतात आणि फरक त्याच आठवड्यात दिसतो. ड्रायव्हर जर राउंडमध्ये चार-पाच वेळा झाडीत किंवा पाण्यात जात असेल तर मात्र तोच आधी. काहीही घेतलं तरी लेसननंतरच्या रविवारी मॅच लावू नका, एकटे जाऊन नऊ होल खेळा, स्कोअर लिहू नका, आणि ग्रुपमध्ये कोणाला सांगू पण नका की लेसन घेतलाय, नाहीतर पहिल्याच टॉपला मागून ऐकायला मिळेल, "हेच शिकवलं का?"